व च्या पोटातली रेघ

शहापूरच्या वाचनालयात, मागच्या कपाटात
यमनाक्काची वही आहे. तेवीस पानं.
सूत किती, खळ किती, कुणाकडून किती आणे येणं,
आणि हिशेबाच्या पाठीला ओव्या.
सन अठराशे एकोणऐंशी, असं कुणीतरी
नंतर निळ्या पेन्सिलीनं लिहिलंय.

छापील प्रत निघाली तिच्यामागं तीस वर्षांनी.
वर दिराचं नाव, खाली छापखान्याचं,
मधे बारीक टायपात: एका साध्वीची भक्तिपर पदे.
दिरानं तिच्या क्रिया सुधारल्या.
ती लिहायची, मी उठलो, मी दळलो, मी भिजलो.
त्यानं केलं, उठले, दळले, भिजले.

(पुण्यात एका चर्चासत्रात ऐकलं,
हा पुरुषी क्रियापदांचा बंडखोर स्वीकार आहे.
टाळ्या पडल्या.
उठून सांगायला हवं होतं, अहो बाई,
आमच्या वडगावात माझी आई अजून म्हणते, मी जेवलो.
सांगितलं नाही. प्रवासभत्त्याच्या कागदावर
त्यांचीच सही व्हायची होती.)

आणि ही ओवी, जिच्यावर माझी पदवी उभी आहे:

पहाटे उठलो वेड, कांडी भरलो वेड
आठवे पोटात, देवा, वेड वेड

दिराची तळटीप: पोटात म्हणजे अंतःकरणात.
देव अंतरी आठवे, म्हणून वेड लागे.
मी हसले होते त्या टीपेला.
मी लिहिलं, वेड हीच तिची माडी,
जिचा जिना तिनं वर ओढून घेतला,
नवरा, दीर, देव, सगळे खाली.
तीस पानं लिहिली. परीक्षकांनी समासात
दोन ठिकाणी 'सुंदर' म्हटलं.

परवा नीलव्वाकडं बसले होते,
पॉवरलूमच्या खटखटीत ओरडून ओवी वाचत.
ती कांड्या भरत होती, मान न वळवता.
दुसऱ्या ओळीला करंट गेला.
अख्ख्या गल्लीतले माग एकदम गप्प,
आणि माझा आवाज उगाच मोठा राहिला.

नीलव्वानं हात थांबवला. कितवं गं?
काय कितवं?
तिनं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली.
आठवं म्हणाली की ती. आठवं पोटात.
ब्याड म्हणायलीय बाई. ब्याड, ब्याड.
वेड लिहिलंय, मी म्हटलं.
मग वाच की नीट.

यमनाक्काला ब काढता यायचा नाही.
बाळाला वाळ लिहायची, बाजरीला वाजरी,
बहिणीची वहीण व्हायची.
ते सगळे ब मी परिशिष्टात तिला परत दिले होते.
ह्या एका शब्दाला दिला नाही,
कारण तो जसा होता तसा मला कळला होता.

बेड. नको.
उठणं नको, कांडी नको, आठवं नको,
देवा, नको, नको.
जिना नाही, माडी नाही.
शेजारणीला कळावं इतकं सरळ,
आणि शेजारीण कानडी.
दिराच्या प्रस्तावनेत वंशावळ आहे.
तिच्याखाली सात नावं. मग तिची तिथी.
हे पान मी कितीदा वाचलं होतं.

करंट आला. नीलव्वा काहीतरी सांगत राहिली,
तिचे नुसते ओठ दिसले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात छापील प्रत मागितली.
पहिल्याच पानावर शिक्का,
पुस्तकात खुणा करू नयेत.
पिशवीत पेन्सिल सापडायला वेळ लागला.
काय करताय मॅडम, ग्रंथपालानं विचारलं.
काही नाही, म्हटलं,
व च्या पोटात रेघ मारलो.
चार मारलो.